न हलणारी रेषा

"मी कोनालेच नापास होऊ देल्लं नाही बाई, थेच चुकलं."

हे नानाजी एकदाच बोलले. जळीत वॉर्डाच्या बाहेर, भिंतीला टेकून, रंभाबाईंशी. आत रंभाबाईंचा मुलगा पियुष होता. डोळ्यांवर पट्ट्या, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. रंभाबाईंना त्या वाक्यातलं काही कळलं नाही. असं वाक्य शाळेतल्या मास्तरनं बोलावं, आणि हा माणूस तर बॉयलरवाला. त्यांनी विचारलंही नाही. डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबलं आणि त्या आत गेल्या.

त्या वाक्याचा अर्थ मला ठाऊक होता. मी त्याच कारखान्याच्या भांडारात कारकून. बॉयलर हाऊसची भिंत आणि माझी भिंत एकच. सतरा वर्षं त्या भिंतीतून मला ऊब येत होती आणि नानाजींचा आवाज येत होता.

कारखाना नागपूरजवळ, बुटीबोरीच्या पुढं, सोयाबीनच्या तेलाचा. तेल शुद्ध करायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरला माणूस. या साखळीत माणूस शेवटचा. ती तुटली की तिथूनच तुटली असं धरून चालतात.

नानाजी मूळचे कुहीकडच्या एका खेड्यातले. घरची शेती धाकटा भाऊ पाहतो. हे एकोणिसाव्या वर्षी नागपुरात आले आणि एका जिनिंगच्या कारखान्यात लागले. तिथं देवाजी नावाचा म्हातारा बॉयलर चालवायचा. त्यानं पहिला महिनाभर नानाजींना बॉयलरकडे पाहूच दिलं नाही. पाठ करून बसवायचा आणि विचारायचा, आता काय झालं ते सांग. पंप सुरू झाला. पंखा जड चालून राहिला. कोणीतरी भट्टीचं दार उघडं टाकलं. उत्तर चुकलं की देवाजी रागवायचा नाही. चहा मागवायचा, आणि त्या दिवशीचा चहा नानाजींना मिळायचा नाही. महिन्याच्या शेवटी देवाजीनं त्यांना वळून बसायला सांगितलं. नानाजी म्हणत, तोवर पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आमच्याकडं ते आले तेव्हा ही रीत बरोबर घेऊन आले. पाळी बदलताना इथं अर्धा तास दोन्ही पाळ्या एकत्र असत. येणारा अर्धा तास आधी यायचा. कोणत्या नियमात हे नव्हतं. पहिल्या बॉयलरपासून चालत आलं होतं. पालथा घातलेला एक ड्रम, त्याच्यावर चहाचे कप, आणि भोवती तीन-चार माणसं. रजिस्टरमध्ये आकडे लिहिलेले असत, पण पाळी हातात दिली जायची ती या ड्रमवर. कोणत्या पंपाचं बेअरिंग गरम होतंय, कोणता व्हॉल्व्ह ठिबकतोय, जळणाच्या ब्रिकेटची कोणती गाडी ओली आलीय. पाणी कमी झाल्याची घंटा उगाच वाजते म्हणून तिची तार महिनाभर काढून ठेवली आहे, हेही तिथंच सांगितलं जायचं. लिहिलेलं कुठंच नसायचं. आणि नवा माणूस असला तर त्याची पाठ बॉयलरकडे.

नानाजी आधी कान शिकवत, मग नाक, आणि अगदी शेवटी डोळे. त्यांचं म्हणणं, डोळ्यांवर भरवसा ठेवायची खोड माणसाला जन्मापासून असते, ती मोडायला वेळ लागतो. डोळ्यांचा धडा म्हणजे काचेचा धडा. बॉयलरच्या पोटातलं पाणी बाहेरून दिसत नाही. ते किती आहे हे कळावं म्हणून पुढं एक उभी काचेची नळी असते. बॉयलर चालू असताना त्या नळीतली पाण्याची रेषा सारखी थरथरते. नळीकडे येणारी वाट गाळानं बुजली की रेषा थांबते. काच पाणी दाखवत राहते आणि आत पाणी सरत असतं. म्हणून दर पाळीला कॉक उघडून, वाफ सोडून, ती काच धुवायची.

"हालनारं पानी खरं," नानाजी म्हणत. "चूप बसलेल्या पान्याले इचारजो, काहून चूप बसला गा तू."

मागच्या वर्षी चारुलता मॅडम आल्या, प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख म्हणून. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरातल्या, आता प्रताप नगरला राहणाऱ्या. बाई वाईट नव्हती, हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढं जे झालं त्यात वाईट माणूस शोधायची सोय नाही. त्या बॉयलर हाऊसमध्ये आल्या, ड्रमवर बसल्या, चहा प्याल्या, आणि त्यांनी एक प्रश्न विचारला. ज्याला नानाजी भेटले तो शिकतो. ज्याला भेटले नाहीत त्याचं काय? शिकणं हे शेजारी कोण बसलं यावर का अवलंबून असावं? नानाजींनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

मॅडमचं उत्तर मोबाइलमध्ये होतं. बाहेरच्या एका कंपनीनं बनवलेलं ॲप. दहा-दहा मिनिटांचे पाठ, चित्रं, बाईच्या गोड आवाजात माहिती, शेवटी प्रश्न. रोज सकाळी 'आजचा प्रश्न'. बरोबर आला की एक तारा. उपाहारगृहात मोठा पडदा लागला. त्यावर प्रत्येक विभागाच्या माणसांची नावं, नावापुढं चौकोन. पाठ पूर्ण झाला की चौकोन हिरवा, नापास झाला की लाल. आपलं नाव लाल होऊन जेवणाच्या रांगेवर टांगलेलं पाहणं म्हणजे काय, ते तिथं जेवणाऱ्यालाच कळेल.

ॲपमधली बाई बॉयलरला बाष्पक म्हणायची. अश्विन, आमचा दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर, जिभेला हाड नसलेला, त्यानं त्याच दिवसापासून नानाजींना बाष्पकबाबा म्हणायला सुरुवात केली. पण हसणं पहिल्या आठवड्यापुरतं. बॉयलर हाऊसच्या बारा जणांपैकी सहा पन्नाशीच्या पुढचे. अक्षर बारीक, वेळ घड्याळावर, भाषा पुस्तकी. वीस वर्षं बॉयलर चालवलेली माणसं बॉयलरच्या परीक्षेत नापास होऊ लागली. पडद्यावर बॉयलर हाऊसची रांग जखमेसारखी दिसायची.

मग ड्रमवर नवीन वर्ग भरू लागला. अश्विन प्रश्न मोठ्यानं वाचायचा, नानाजी उत्तर सांगायचे, सगळे आपापल्या मोबाइलवर दाबायचे. नानाजींना स्वतःला वाचायचा कंटाळा, पण प्रश्न कानावर आला की उत्तर तयार असायचं. यात फसवणूक आहे असं कोणाच्या मनात आलं नाही. आपला माणूस नापास होऊ द्यायचा नाही, एवढंच होतं. पाळीवर एकाला भोवळ आली तर दुसरा त्याचं फावडं उचलतो, हे त्यातलंच. मीही भिंतीपलीकडून ऐकत होतो आणि मला बरं वाटत होतं.

पियुष मार्चमध्ये लागला होता. बॉयलरची दुसऱ्या वर्गाची परीक्षा पास झालेला, सव्वीस वर्षांचा, घरात आई आणि तो. वर्षभराची तात्पुरती नेमणूक, मग कायम. शांत मुलगा. नानाजींच्या सांगण्यावरून पाठ करून बसायचा तेव्हा डोळे मिटून घ्यायचा. त्याचा कान चांगला होता. मे महिन्यापर्यंत तो पंपाच्या आवाजावरून पाण्याचा दाब सांगू लागला होता, आणि नानाजी भांडारात येऊन मला सांगून गेले, पोरगं देवाजीच्या हाताखाली पाहिजे होतं. आता नाक, आणि पावसाळा लागला की काच, असं त्यांच्या मनात होतं.

मे महिन्यातच वार्षिक परीक्षा झाली. चाळीस प्रश्न. त्यातला चौदावा अश्विननं असा वाचला: काचेतली पाण्याची रेषा मधोमध आहे आणि हलत नाही, तर तुम्ही काय कराल? अ, काच धुवून पातळी तपासाल. ब, पंप बंद कराल. क, पातळी योग्य असल्याची नोंद करून पुढचं काम कराल.

नानाजी म्हणाले, अ. सगळ्यांनी अ दाबलं. सगळे नापास झाले. हा प्रश्न सुरक्षेचा होता. तो चुकला की बाकीचे एकोणचाळीस बरोबर असले तरी उपयोग नव्हता. पडद्यावर बाराच्या बारा चौकोन लाल.

अश्विन म्हणाला, "बाष्पकबाबा, तुमचा बॉयलर येगळा आन् मोबाइलचा येगळा."

प्रश्नातल्या चुकीची तक्रार करायची होती, पण ती ॲपमध्येच लिहायची, आणि पास व्हायची शेवटची तारीख तीन दिवसांवर. नानाजींनी रिकामा कप ड्रमवर पालथा घातला. मग म्हणाले, "क दाबा. नुसतं दाबा. ध्यानात नका ठेवू."

सगळ्यांनी परीक्षा पुन्हा दिली आणि क दाबलं. बारा हिरवे. शंभर टक्के.

ध्यानात ठेवू नका, हे सांगता येतं. पण ज्या माणसाचा शब्द नं शब्द ध्यानात ठेवायची सवय लावून घेतली, त्याचा एकच शब्द कसा विसरायचा हे कुठं शिकवलेलं असतं. आणि तो प्रश्न 'आजचा प्रश्न' म्हणून दर आठवड्याला पियुषच्या मोबाइलवर येत राहिला. तो क दाबत राहिला. दर वेळी एक तारा.

बॉयलर हाऊसचा निकाल मुंबईच्या कार्यालयात दाखवला गेला. जूनच्या पहिल्या तारखेला परिपत्रक निघालं. आता शिक्षण मोबाइलवर होत असल्यामुळं पाळ्यांमधला अर्धा तास बंद. अंगठ्याचं यंत्र फाटकावर बसलं. पाळी संपल्यावर दहा मिनिटांत बाहेर. ड्रम भांडारात जमा झाला. त्याची पावती मीच फाडली.

नानाजी आणि पियुष आता फाटकावर भेटत. एक बसमधून उतरायचा, दुसरा चढायचा.

"काच धुत जाय गा," नानाजी म्हणायचे.

"हो नानाजी, टिक करतो," पियुष म्हणायचा. रजिस्टरही मोबाइलमध्ये गेलं होतं. काच तपासली, पुढं चौकट, त्यात बरोबरची खूण. तो खोटं बोलत नव्हता. तो काच पाहायचा, रेषा मधोमध असायची, तो खूण करायचा. आणि तेवढ्यात बस हॉर्न द्यायची.

जुलैमध्ये नानाजी मॅडमच्या खोलीत गेले. मी ब्रिकेटच्या नोंदी घेऊन तिथंच उभा होतो. ते बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, थो अर्धा घंटा परत द्या."

मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. बारा हिरवे चौकोन. त्यांचा आवाज खरंच मऊ होता. "नानाजी, हे तुमचंच यश आहे. अजून काय शिकवायचं राहिलंय ते सांगा. मी त्याचा पाठ करून घेते, तुमच्या आवाजात."

नानाजींना काचेचा धडा मांडता येईना. ते म्हणाले, "थे सांगता नाही येत. बसलं का येते."

"मग असं करा," मॅडम म्हणाल्या. "ज्याला काम नीट येत नाही असं तुम्हाला वाटतं, त्याचं नाव द्या. मी त्याला पाळीवरून काढते, पुन्हा प्रशिक्षणाला घेते. पण मग हे शंभर टक्के कसे आले, तेही मला विचारावं लागेल."

नाव त्यांच्या ओठावर आलेलं मी पाहिलं. ते दिलं असतं तर पियुषची नेमणूक तिथंच संपली असती. तात्पुरत्या माणसाला पुन्हा प्रशिक्षणाला कोणी घेत नाही, घरी पाठवतात. हे मॅडमना नवीन होतं, नानाजींना नाही. आणि त्याच्यामागून बाकीचे दहा, आणि अश्विन, ज्याची मुलगी त्या वर्षी कॉलेजला लागली होती. नानाजी पडद्याकडे पाहत होते. हिरवे चौकोन एका ओळीत, अजिबात न हलणारे.

"कोनी नाही," ते म्हणाले आणि बाहेर आले.

त्यानंतर त्यांनी जे जमलं ते केलं. रविवारी पियुषला घरी बोलावलं. गॅसवर पातेलं ठेवून उकळतं पाणी दाखवलं. रंभाबाईंनी मला नंतर सांगितलं, पोरगा हसत घरी आला होता. म्हणाला, नानाजी म्हातारे झाले, चहाचं पाणी दाखवून राहिले. एकदा ते सुट्टीच्या दिवशी पियुषच्या पाळीला कारखान्यात आले. फाटकावरच्या यंत्रानं त्यांचा अंगठा घेतला नाही.

सप्टेंबरमध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला, माझ्या भिंतीतून येणारी ऊब वाढली. आवाज मात्र बदलला नाही. निदान माझ्या कानाला कळला नाही. पियुषच्या कानाला कळला होता. तो मला भांडाराच्या जाळीतून म्हणाला, "पंप हलका वाजून राहिला, भाऊ." मी म्हणालो, काच पाहा. त्यानं पाहिली. रेषा मधोमध होती, शांत. त्यानं मोबाइलवर खूण केली. घंटा वाजली नाही, कारण तिची तार काढून ठेवलेली होती, आणि ते सांगायची जागा भांडारात जमा होती. त्यानं ब्रिकेट टाकायला भट्टीचं दार उघडलं तेव्हा पाण्यावाचून तापलेली आतली नळी फुटली.

त्याचा कान बरोबर होता. मी त्याला डोळ्यांवर भरवसा ठेवायला सांगितलं.

चौकशी समिती बसली. पहिल्याच पानावर पियुषचा निकाल जोडला होता, शंभर टक्के. पूर्ण प्रशिक्षित असूनही कर्मचाऱ्यानं निष्काळजीपणा केला, असं एक वाक्य आधीच तयार होतं. आदल्या दिवशी अश्विन नानाजींच्या घरी जाऊन आला. त्यानं काही मागितलं नाही, नुसता बसून राहिला, आणि जिभेला हाड नसलेला माणूस बोलत नाही म्हणजे काय ते नानाजींना समजलं. तरी त्यांनी समितीपुढं सगळं सांगितलं. ड्रमवरचा वर्ग, चौदावा प्रश्न, क. बाकीच्यांची नावं घेतली नाहीत. सगळ्यांचे मोबाइल मीच दाबले असं म्हणाले. समितीच्या अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. हे लिहिलं तर बाराही जणांची प्रमाणपत्रं रद्द, उरलेला दुसरा बॉयलरही बंद, कारखाना बंद. ते चहा घ्यायला उठले. अहवालात एवढंच आलं: एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यानं भावनेच्या भरात निवेदन केलं. आणि शिफारस: सर्वांनी पंधरा दिवसांत अभ्यासक्रम पुन्हा पूर्ण करावा.

त्याच आठवड्यात नानाजी वॉर्डाबाहेर रंभाबाईंना ते वाक्य बोलले. पियुषचा एक डोळा गेला होता. दुसऱ्याचं डॉक्टर काही सांगत नव्हते.

पंधराव्या दिवशी प्रशिक्षणाच्या खोलीत अकरा खुर्च्या मांडल्या. खोली थंड होती. बॉयलरवाल्यांना थंडीची सवय नसते, दोघातिघांनी हात बगलेत धरले होते. मी हजेरीचा कागद घेऊन दाराशी होतो. या वेळी प्रत्येकानं समोर बसून, स्वतः परीक्षा द्यायची होती. मॅडम उभ्या होत्या. पंधरा दिवसांत त्या वाळल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी ॲपच्या कंपनीला चार वेळा लिहिलं होतं. कंपनीचं उत्तर होतं, दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत, जानेवारीत.

"चौदावा प्रश्न चुकीचा आहे, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. "पण आज प्रमाणपत्र निघालं नाही तर उद्या कोणालाच बॉयलरवर उभं राहता येणार नाही. तेव्हा आज क दाबा. फक्त दाबा. लक्षात ठेवू नका."

नानाजींनी मान वर केली. आपलेच शब्द त्यांना इतक्या जवळून कोणी ऐकवले नव्हते. ते मॅडमकडे पाहत राहिले. त्या नजरेत राग नव्हता, ओळख होती. मग त्यांनी चष्मा लावला आणि मोबाइल जवळ धरला.

तेरा प्रश्न झाले. चौदाव्याला खोली थांबली. अकरा माणसं, अकरा बोटं, आणि दहा चेहरे हळूहळू नानाजींकडे वळले. सवयीनं. अश्विनचं बोट काचेपासून केसभर वर होतं.

"नानाजी," तो हळू म्हणाला, "कोनतं?"

नानाजींनी अ दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर, हिरवं व्हायची वाट पाहणाऱ्या रांगेत, त्यांच्या नावापुढचा चौकोन लाल झाला. त्यांनी तो पाहिला. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, चष्मा खिशात घातला, खुर्ची आत सरकवली. अश्विनचं बोट तसंच होतं. मॅडमनी एक पाऊल पुढं टाकलं आणि थांबल्या. नानाजी माझ्यासमोरून, हजेरीवर सही न करता बाहेर गेले.